जड गोळी, आडवा वारा

मी गोळी बोलतेय. रायफलीची. नाक चपटं झालंय, तांब्याचं कातडं फाटून आतलं शिसं दिसतंय, पण ताठा होता तेवढाच आहे.

सुन्निवाबाईनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर काडतुसात भरलं. एकीकडं कॉफी उकळत होती, दुसरीकडं ती बंदुकीची दारू तोलत होती. नेमबाजी तिला कुणी शिकवली नाही. हरून हरून शिकली.

तिचा दीर ओद्वार खिडकीतून डोकावला. "वहिनी, एवढी लांबडी, जड गोळी? फ्योर्डाच्या खाडीत देवमासा मारायचाय?"

"तुमच्या हलक्या गोळ्या वाऱ्याबरोबर वरातीला जातात, भावजी. माझी कामावर जाते."

आमच्या खोऱ्यात नेमबाजीची वार्षिक स्पर्धा जिंकणाऱ्याला हरलेल्यांनी खुर्चीसकट खांद्यावर घेऊन मैदानभर मिरवायचं असतं. आजवर एकाही बाईला कुणी उचललं नव्हतं. सुन्निवा दरवर्षी खाली उभी राहून टाळ्या वाजवायची. यंदा तिला त्या खुर्चीत बसायचं होतं, बस्स. ओद्वार म्हणे, तुम्हाला उचलायला क्रेन मागवू.

अंतिम फेरी. तीनशे मीटर. फ्योर्डावरून आडवा वारा. ओद्वार एका गुणानं पुढं होता. त्याची शेवटची गोळी हलकी, माझ्याहून वेगानं सुटली. पण त्यानं पाहिलं ते लक्ष्याजवळचं वाऱ्याचं निशाण, मलूल लोंबणारं. बंदुकीजवळचं फडफडत होतं, तिकडं लक्षच नाही. निघतानाच वाकडी झालेली वाट पुढं सरळ होत नसते. आठ गुण.

आता सुन्निवाला दहा पडले तरच खुर्ची.

जड असल्यानं मी वाटेत जरा जास्त खाली येते. ते धरून तिनं नेम आधीच वर घेतला होता. पोटावर पडून ती जवळचं निशाण बघत राहिली. नेमाचा स्क्रू तीन खटके, वारा येत होता त्या बाजूला फिरवला. श्वास सोडला. मी सुटले.

वाऱ्यानं मलाही ढकललं, खोटं कशाला बोलू? पण हलकीला ढकलतो तेवढं नाही. आणि ढकललं तेवढं तिनं हिशेबात धरलेलंच होतं. दहाच्या ऐन मधून आरपार जाऊन मी वाळूत घुसले.

ओद्वारनंच खुर्ची आणली. चौघांनी तिला उचललं. अर्ध्या मैदानात तो धापा टाकत म्हणाला, "वहिनी, उतरता का जरा?"

"त्या जवळच्या निशाणापर्यंत चला, भावजी. एकदा नीट बघून घ्या."

वाळूतून मला उकरून त्यानंच आणून दिलं. आता मी तिच्या खिडकीत बसते. बाबांनो, नेम धराल तेव्हा आधी आपल्या जवळचा वारा बघा, एवढंच मागणं.

फ्योर्डावरून वारा येतो, पडदा उडतो. मी हलत नाही.