आडवी लावलेली ट्रॉली

सिल्वासातल्या त्या खासगी दवाखान्यात झुंबर वाघ एकोणीस वर्षं वॉर्डबॉय होता. सगळे त्याला मामा म्हणत. लॅबला सॅम्पल पोचवायचं, फार्मसीतून औषधं आणायची, ब्लड बँकेतून पिशवी आणायची, हे त्याचं काम. शिरपूरकडच्या गावातून कारखान्यात काम करायला आलेला हा माणूस दवाखान्यात कसा रमला ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण एकोणीस वर्षांत त्याच्या हातून एक बाटली फुटली नव्हती, आणि हे तो नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगायचा.

दिवाळीनंतर दवाखान्यात चार रोबो आले. कमरेइतक्या उंचीचे, पांढरे, पोटात तीन खण. सिस्टरनं खणात सॅम्पल ठेवायचं, पडद्यावर कुठं जायचं ते दाबायचं, की स्वारी निघाली. लिफ्टसुद्धा आपली आपण बोलवायची. वाटेत कुणी आलं की थांबून बाईच्या आवाजात म्हणायची, "कृपया रास्ता दीजिए." कामावरून कुणालाच काढलं नाही, पण झुंबरला चादरींच्या कामावर टाकलं. वॉर्डातल्या मळक्या चादरी गोळा करायच्या, ट्रॉली ढकलत धुलाईच्या खोलीकडे न्यायची. बोलायला कुणी नाही. लॅबवाले पूर्वी त्याच्यासाठी चहा काढून ठेवायचे, तेही बंद झालं, कारण तो तिकडे जाणारच नव्हता.

जुनी इमारत आणि नवी इमारत यांच्यामध्ये एक अरुंद पॅसेज होता. धुलाईची खोली त्याच्या तोंडाशीच. एकदा झुंबरची ट्रॉली तिथं थोडी तिरकी राहिली आणि मागून रोबो आला. तो थांबला, दोन-तीनदा रस्ता मागितला, मग तोंड फिरवून लांबच्या वाटेनं, तळमजल्यावरून निघून गेला. सॅम्पल उशिरा पोचलं म्हणून लॅबमधून फोन आला. झुंबरच्या मनात काहीतरी हललं. दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रॉली मुद्दाम आडवी लावली. मग दर दोन-तीन दिवसांनी. जास्त नाही, पाच-सात मिनिटं. अशा दहा-वीस तक्रारी झाल्या की साहेब म्हणतील, नको ती पेटी, मामाच बरे. एवढाच त्याचा हिशेब होता. रक्ताची पिशवी माणसानंच न्यायची असा नियम होता, त्यामुळे त्याला भीती वाटली नाही. तो नियम सोमवारी बदलला होता, आणि चादरीवाल्याला ते कळवायची कुणाला गरज वाटली नव्हती.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्यानं ट्रॉली लावली आणि आत जाऊन धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत बसला. थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला, "कृपया रास्ता दीजिए." तो जागचा हलला नाही. पुन्हा आवाज, पुन्हा आवाज. झुंबर गालात हसला. मग चाकांची घरघर लांब गेली.

त्यानंतर कुणीतरी धावत आलं. लेबर रूमची शीतल सिस्टर. पंचविशीतली, नेहमी शांत असणारी पोरगी. तिच्या झग्यावर रक्त होतं.

"मामा, रोबो पाहिला का? ब्लड बँकेतून निघून पंधरा मिनिटं झाली. बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये हो!"

झुंबरच्या हातातली चादर खाली पडली. "लिफ्टकडं... लिफ्टकडं बघू," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

दोघंही पळाले. तळमजल्यावर लिफ्टपुढे रोबो उभा होता. लिफ्ट वरच्या मजल्यावर स्ट्रेचरसाठी अडवलेली, आणि तो मुकाट वाट बघत होता. शीतलनं खणाच्या कुलपाचे आकडे दाबले, घाईत एकदा चुकले, मग खण उघडला. झुंबरनं दोन्ही पिशव्या घेतल्या आणि जिन्यानं धावला. बावन्नाव्या वर्षी तो तीन मजले कसा चढला, त्याचं त्यालाच माहीत.

बाळंतीण वाचली. रोशनी तिचं नाव, रांधा गावची. मुलगी सुखरूप होती. पण रक्त थांबलं नाही म्हणून डॉक्टरांना तिची गर्भपिशवी काढावी लागली. पहिलंच बाळंतपण, वय बावीस.

संध्याकाळी तिचा नवरा ललित खाली आला. सायली गावच्या कारखान्यात कामाला असलेला सडसडीत पोरगा, तीन दिवस न झोपलेला. कुणीतरी त्याला झुंबर दाखवला होता. भर व्हरांड्यात तो वाकला आणि झुंबरच्या पायांना हात लावला.

"मामा, तुम्ही धावलात म्हणून माझी बायको आहे."

झुंबरनं पाय मागे ओढले. घरी गेल्यावर ताट समोर आलं तर त्याच्यानं घास उचलवेना. बायको आक्काबाई बघत राहिली. "काय व्हयनं तुम्हले?" तिनं दोनदा विचारलं. तो ताटावरून उठला.

शुक्रवारी रोबोच्या कंपनीचा अभिजीत नावाचा माणूस आला. त्यानं लॅपटॉप लावून पाहिलं आणि सांगितलं, मशीनचा दोष नाही, वाटेत चादरींची ट्रॉली होती. अशा ट्रॉल्या दवाखान्यात राहतातच. पण मशीननं लेबर रूमच्या टॅबवर उशिराची सूचना पाठवली होती आणि ती नऊ मिनिटं कुणी बघितली नव्हती. टॅब शीतलकडे होता. दुपारपर्यंत तिला मेमो मिळाला. सात दिवसांत उत्तर द्यायचं, तोवर कामावर यायचं नाही.

मेट्रन अलका मॅडमच्या खोलीत शीतल रडत होती. "मॅडम, माझे दोन्ही हात तिच्या पोटावर होते. मी टॅब कसा बघणार होते?"

दार ढकलून झुंबर आत आला.

"मॅडम, ट्रॉली मी लावली होती."

"माहीत आहे, मामा. चुकून राहिली असेल. तुमच्यावर कुणी काही बोलत नाहीये."

"चुकून नाही. आडवी लावली. रोबोला अडवायला. महिनाभर लावतोय."

मॅडम चष्मा काढून त्याच्याकडे बघत राहिल्या. "काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. त्याच्यात रक्त आहे ते माहीत नव्हतं. पण लावली मीच. सिस्टरचं यात काही नाही. लिहून देतो."

त्यानं लिहून दिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, 'जाणूनबुजून' हा शब्द दोनदा खोडला, पण लिहिला. शीतलचं रडणं थांबलं होतं. तो वर बघेपर्यंत ती थांबली, आणि मग म्हणाली, "मी धावत आले तेव्हा रोबो का अडकला ते तुम्हाला माहीत होतं. आणि दोन दिवस सगळे तुमचं कौतुक करत होते, ते तुम्ही ऐकून घेतलंत."

"हो," झुंबर म्हणाला.

शीतलचा मेमो त्याच दिवशी मागे घेतला. झुंबरला घरी पाठवलं; चौकशी होईल, पोलिसांत द्यायचं की नाही ते वरचे ठरवतील, असं सांगितलं. दहा मिनिटं आधी रक्त मिळालं असतं तर गर्भपिशवी वाचली असती का, हे त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. वाचलीही असती."

गेटपर्यंत जाऊन तो परत फिरला आणि तिसऱ्या मजल्यावर गेला. ललित वॉर्डाबाहेर बाकावर बसला होता. झुंबर उभ्यानंच बोलला, ट्रॉलीपासून सगळं. शेवटी ललित उठला, तेव्हा झुंबरला वाटलं आता कानाखाली बसणार, आणि त्यानं मान खालीच ठेवली.

"तिला अजून पिशवी काढल्याचं सांगितलेलं नाही," ललित म्हणाला. "मला सारखी विचारते, पुढचा मुलगा झाला तर नाव काय ठेवायचं. तुम्ही जा इथून. पोलिसांत काय सांगायचं ते मी सांगेन. पण तिच्यासमोर येऊ नका."

आतून बाळ रडलं तसा तो वळला आणि दार लोटून आत गेला. झुंबर जिना उतरला. घरी पोचल्यावर त्यानं आक्काबाईला जवळ बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. मग उठून त्याच्यासाठी पाणी आणलं, त्याच्यासमोर ठेवलं, आणि त्याच्याशी न बोलता आत निघून गेली.