वीस वर्षं टिकणारी टोपी

मी लेथवर छत्तीस वर्षं काढली. लोखंडाच्या तुकड्यावरून नुसतं बोट फिरवून सांगायचो, की झालं काम, किंवा अजून एक हात मारायला हवा. कारखान्यात मला मायक्रॉन म्हणायचे. तोंडावर कौतुकानं आणि पाठीमागे शिवी दिल्यासारखं, पण मी दोन्ही कौतुकातच धरत आलो. असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांच्या डोक्याला ताप होतो. पहिल्या सहा महिन्यांत मी घरातल्या सगळ्या कपाटांची दारं उतरवून पुन्हा बसवली. शेवटी बायकोनं माझ्या हातात विणकामाच्या दोन सुया दिल्या आणि बसा एका जागी म्हणून सांगितलं. मला वाटलं, हिनं माझ्यातली कला ओळखली. तिला फक्त कपाटं वाचवायची होती, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

पण विणकाम मला जमलं. टाका टाक्याला जुळणारा, कड सरळसोट. माझा मफलर पट्टी म्हणून वापरून रेघा मारता येतील, असं बायको म्हणायची, आणि मी तेही कौतुकातच धरलं.

मग ताई आजारी पडली. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, निवृत्तीनंतरही ग्रंथालयाच्या काउंटरवर बसते. कॅन्सर निघाला, औषधं सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात केस गेले. ती रुमाल बांधून कामावर जायची. एकदा खालच्या कप्प्यातलं पुस्तक काढायला वाकली आणि रुमाल सुटून पडला. समोर पाचसहा वाचक उभे होते. कोणी काही बोललं नाही, एका बाईनं तर रुमाल उचलून हातात दिला. पण त्या दिवशी ताई घरी आली ती आलीच. इस्पितळ सोडलं तर दोन महिने ती घराबाहेर पडली नाही. डॉक्टर चालायला सांगत होते, ग्रंथालयातून फोन येत होते, भाची रोज मागे लागत होती. ताईचं एकच, डोक्याला गार लागतं. गार लागत होतंच, पण खरं कारण ते नव्हतं. आई अशीच खोलीत बसून राहिली तर आजाराआधी तीच हार मानेल, असं भाची मला सांगत होती, आणि सांगता सांगता तिला रडू फुटलं.

मी म्हटलं, टोपी विणतो. वाकली तरी जागची हलणार नाही अशी.

इथून पुढे माझा मूर्खपणा सुरू होतो, आणि तोही मी अगदी मापात केला.

डोक्याचं माप घ्यायला मी मोठा व्हर्नियर, लोखंड मापायचं हत्यार, घेऊन गेलो. शिंप्याची टेप चालली असती, पण टेप ताणली जाते ना. ताईला खुर्चीवर बसवलं, तीन ठिकाणी माप घेतलं, वहीत आकृती काढली. गार लोखंड कपाळाला लागलं तशी ती शहारली, पण बोलली काही नाही. ताईला लहानपणापासून तक्रार करायची सवय नाही. घरातली तक्रारीची सगळी जबाबदारी मीच उचलली होती.

लोकरीच्या दुकानात गेलो. दुकानदार बाई साठीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. काय विणायचंय, कोणासाठी, असं त्यांनी नीट विचारलं आणि चार गुंडे माझ्यासमोर ठेवले. मी काय करावं? एकेका गुंड्याचा धागा काढून दोन्ही हातांनी ताणून तोडायला लागलो. पहिला तुटला. नापास. दुसरा पिळातून सुटला. नापास. तिसऱ्यावर अंगठ्यानं घासलं तर गोळे यायला लागले. बाई बघत राहिल्या. मग मीच वरच्या फळीवरचा एक राखाडी गुंडा मागितला. घट्ट पिळाची, चार पदरी, अस्सल मेंढीची लोकर. ओढून ओढून माझं बोट कापायची वेळ आली, पण धागा तुटला नाही. वीस वर्षं हलणार नाही असा माल. मी खूश.

बाई म्हणाल्या, "ही जाकिटाला घेतात. डोक्याला घालायची ना? मग हातानं नका बघू, मानेला लावून बघा."

मागे दोन बायका उभ्या होत्या. एवढा मोठा बाप्या माणूस, दुकानात उभा राहून मानेला लोकर चोळतोय, हे काही मला पटेना. मी म्हटलं, बाई, छत्तीस वर्षं या हातानंच बघतोय, लोण्यासारखी मऊ आहे. त्यांनी चष्मा खाली ओढून माझ्या हातांकडे एकदा बघितलं आणि गुंडे पिशवीत घातले. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. माझ्या बोटांना गरम तवाही कोमट लागतो. फोनच्या कुलपाला माझा अंगठा ओळखू येत नाही, कारण त्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. असल्या बोटांनी मी लोकरीचा मऊपणा ठरवत होतो.

घरी बायकोनं गुंडा हातात घेतला, धागा ओढून बघितला आणि विचारलं, या टोपीला कोणी लोंबकळणार आहे का? हिला मालाची पारख नाही, असं मनाशी म्हणून विणायला बसलो.

टोपी चार दिवसांत झाली. वीस वर्षं टिकेल म्हणत ताईच्या डोक्यावर चढवली, तिला वाकायला लावलं, मान हलवायला लावली. टोपी जागची हलली नाही. मी तर हवेतच. ताई आरशात बघून हसली आणि छान झालीय म्हणाली. पुढचे अकरा दिवस मी रोज संध्याकाळी या ना त्या निमित्तानं तिच्याकडे टपकायचो, खरं तर टोपी बघायला. ती रोज घातलेली असायची. ग्रंथालयात कधी जातेस, असं विचारलं की म्हणायची, पुढच्या आठवड्यात बघू. मी शेजाऱ्यांना सांगितलं, जुन्या दोस्तांना फोन करून सांगितलं, इस्पितळातल्या रखवालदारालासुद्धा सोडलं नाही.

बाराव्या दिवशी तपासणी होती. भाचीला रजा नव्हती, म्हणून मी सोबत गेलो. नर्सनं ताईची टोपी काढली आणि तिचा हात थांबला. कपाळापासून मागेपर्यंत सगळं डोकं लाल पुरळानं भरलेलं, दोन ठिकाणी खाजवून सालटं निघालेली. नर्स ताईला रागावली, की या औषधांत कातडी तान्ह्या बाळाहून नाजूक होते, जखम चिघळली तर पुढचा डोस लांबेल, आणि हे काथ्याचं दोरखंड डोक्यावर घालायला दिलं कोणी? खोलीत तिसरा माणूस मी एकटाच. मी हात वर केला, शाळेत करतात तसा. नर्सनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि टोपी माझ्या हातात दिली. मी ती खिशात कोंबायला गेलो, पण ती इतकी टणक की खिशात मावेना.

मलम घेऊन आम्ही बाहेर बाकावर बसलो. ताईनं रुमाल बांधला. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला राग येतो. मी तिच्यावरच उखडलो. टोचतंय हे सांगता येत नव्हतं का तुला?

"सांगितलं असतं तर तू पुन्हा तो व्हर्नियर घेऊन आला असतास," ती म्हणाली. मग म्हणाली, "दिवसभर कुठे कुठे दुखतं, आणि का दुखतं ते कोणालाच सांगता येत नाही. हे मात्र कोणामुळे टोचतंय ते मला पक्कं माहीत होतं. काढून ठेवावीशी वाटली नाही."

मला रडू आलं. नाक शिंकरायला दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून टोपी वापरली. त्या कामालाही ती टोचरीच निघाली. ताई इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी म्हटलं, दुसरी विणतो, आत्ता जाऊन मऊ लोकर आणतो. ती म्हणाली, लोकर आता तू निवडायची नाहीस. आणि उठली. घराकडे वळायच्या चौकात ती सरळ चालत राहिली. मी काही बोललो नाही, बोललो तर वळेल अशी भीती वाटली.

लोकरीच्या दुकानात तीनचार गिऱ्हाइकं होती. ताई आत गेली, दाराशी क्षणभर घुटमळली, आणि मग तिनं रुमाल सोडला. ते लाल, उघडं डोकं. मी दिव्याकडे बघत बसलो. दुकानदार बाई मात्र काउंटरमागून पुढे आल्या. त्यांनी एक गुंडा घेऊन ताईच्या कानामागे अलगद टेकवला. ताईनं मान हलवली, नको. दुसरा. तिसरा. आठवा गुंडा टेकवला तेव्हा ताईनं डोळे मिटले आणि हाच, म्हणाली.

मी तो हातात घेतला. सुतासारखा लेचापेचा धागा, भडक नारिंगी रंग. सवयीनं ओढला, तर जोर लावायच्या आधीच तुटला. माझ्या तोंडून निघून गेलंच, ताई, अगं ही एक वर्षसुद्धा टिकणार नाही.

"मला टिकणारी नकोच आहे रे," ताई म्हणाली. "केस येईपर्यंत पुरली की झालं. तू वीस वर्षांची टोपी विणलीस, मी म्हटलं, एवढी वर्षं मी अशीच राहायची की काय?"

माल टिकला की माणूसही टिकेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात असणार. ते मी तिला सांगितलं नाही.

तिनं गुंडे पिशवीत टाकले, वर रुमालही टाकला, आणि तशीच दुकानाबाहेर आली. रस्त्यावरच्या दोघातिघांनी वळून बघितलं. तिनंही त्यांच्याकडे बघितलं. मग मला विचारलं, ग्रंथालय उघडं असेल का रे आत्ता?

"सातपर्यंत असतं," मी म्हणालो.