वेदीपुढे ठेवलेली बाबागाडी

मी एक जुनी बाबागाडी आहे. मित्रांनो, वय झालं की स्वभाव मवाळ होतो असं तुम्ही ऐकलं असेल. माझा झालेला नाही. मी ज्या घरात राहिले त्या घरात रोज संध्याकाळी प्रार्थना करून सगळे एकमेकांना क्षमा करत. माझा काही बाप्तिस्मा झालेला नाही. माझ्या माणसाशी कुणी वाईट वागलं, तर ते मी मनात धरून ठेवते.

माझा सांगाडा लोखंडी, टोपली वेताची आणि डोक्यावर मेणकापडाचं छप्पर. माझं माणूस म्हणजे नाओमी. तिच्या आईचे वडील दापोलीच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. लेक झाली म्हणून त्यांनी मला मुंबईहून आणलं. आगबोटीतून होडीत आणि होडीतून हर्णैच्या वाळूवर मी उतरले, तेव्हा बंदरावरची पोरं माझ्यामागे धावत सुटली होती. माझ्यात आधी नाओमीची आई बसली, मग बऱ्याच वर्षांनी खुद्द नाओमी. मधल्या काळात मला पडवीत लोटून दिलं होतं आणि एका कोंबडीने माझ्यात अंडी उबवली. त्या कोंबडीची ऐट मला अजून आठवते, पण तिच्याविषयी जास्त सांगून मी तिला मोठेपणा देणार नाही.

नाओमीला मुलगी झाली, तिर्सा, तेव्हा तिच्या आईने माझ्या चाकांना तेल घातलं, नवी गादी शिवली आणि टेम्पोत घालून मला रत्नागिरीला पाठवलं.

नाओमीचा नवरा अमोस पोफळीच्या वीजघरात कामाला. तो शनिवारी यायचा आणि रविवारची उपासना आटोपून परत जायचा. घरात बाकी दोघीच, नाओमी आणि अमोसची मोठी बहीण दोरकासताई. ताईंनी लग्न केलं नव्हतं. त्या कचेरीत कारकून होत्या आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला संघाच्या प्रमुख होत्या. त्या आवाज न चढवता बोलत आणि म्हणूनच त्यांना कुणी उलटून बोलत नसे.

नाओमीचा दिवस मी दारातून पाहायचे. लंगोटांची बादली, नाचणीचं सत्त्व, ताईंचा डबा, भांडी, पुन्हा लंगोट. सत्त्व ढवळत असताना तिर्सा रडायची. तिला उचललं की खाली गाठी व्हायच्या आणि ताई संध्याकाळी त्या गाठी चमच्याने बाजूला काढून ताटाच्या कडेला मांडून ठेवायच्या. वर म्हणायच्या, "तू काय, घरीच असतेस." हे वाक्य म्हणजे त्यांची काम देण्याची रीत होती. घरीच असतेस, तर वेदीचं कापड धुऊन दे. घरीच असतेस, तर रविवारच्या शाळेतल्या मुलांना लाडू वळ.

या सगळ्यात नाओमीचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं. ऊन उतरलं की ती तिर्साला माझ्यात ठेवायची आणि आम्ही तिघी उतारावरून मांडवीच्या धक्क्यापर्यंत जायचो. तिथे नाओमी समुद्राकडे तोंड करून उभी राहायची आणि एका हाताने मला हलवत राहायची. तिर्सा अंगाने भरलेली, आणि बाळंतपणापासून नाओमीचं मनगट धरलेलं. तिला कडेवर घेऊन ती चढण चढणं नाओमीला जमलं नसतं. मी होते म्हणून ती घराबाहेर पडत होती. ताईंना हे फिरणं खुपत होतं. "लोक म्हणतात, अमोसच्या बायकोला बरा वेळ मिळतो," असं त्या एकदा प्रार्थनेआधी म्हणाल्या आणि लगेच डोळे मिटून प्रार्थनेला लागल्या.

मित्रांनो, आमच्या मंडळीत भातकापणी झाली की हंगामाचा सण होतो. ज्याच्या शेतात, बागेत जे पिकलं ते तो वेदीपुढे ठेवतो. नवे तांदूळ, नारळ, भोपळे, कोंबड्यासुद्धा. उपासनेनंतर आवारात त्या सगळ्याचा लिलाव होतो. बोली लावायला शेजारपाजारचे हिंदू, मुसलमानही येतात. ज्याला शेत नाही, बाग नाही, तो आपले हात अर्पण करतो. कुणी भिंती रंगवून देतो, कुणी कपडे शिवून देते, आणि त्या कामावरही बोली लागते. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाचं नाव दिलं तरी चालतं. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, एकदा आमेन म्हटलं की ते फिरवायचं नाही. आदल्या वर्षी ताईंनी असंच पोटुशा नाओमीचं नाव दिलं होतं. सातव्या महिन्यात तिने मंडळीचे सगळे पडदे धुतले, ते मी नंतर तिच्याच तोंडून ऐकलं.

यंदा सणाच्या सकाळी नाओमी तिर्साला न्हाऊ घालत होती आणि अमोस दाढी करत होता. तेवढ्यात ताईंनी आळीतल्या लवूचा टेम्पो बोलावून मला त्यात चढवलं. नाओमी तिर्साला कडेवर घेऊन घामाघूम होत मंडळीत पोचली, तेव्हा मी वेदीपुढे होते. माझ्या दांडीला झेंडूची माळ होती आणि गादीवर, तिर्साच्या जागेवर, एक भोपळा बसवला होता. नाओमी दारातच थांबली. तिचा चेहरा मी पाहिला आणि जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, मला चाकांऐवजी हात असते तर!

उपासना संपल्यावर ती ताईंजवळ गेली. "ताई, ती माझ्या आईची गाडी आहे. परत घ्या."

"वेदीपुढे ठेवलेलं परत घेत नाहीत, नाओमी," ताई हसून म्हणाल्या. "आणि तू घरीच तर असतेस. तुला गाडी कशाला?"

अमोसने ते ऐकलं आणि तो आपल्या चपलांकडे बघत राहिला. त्याचाही हिशेब माझ्या मनात आहे.

लिलाव पुकारायला गौरव मास्तर उभे होते. माझी पाळी आली तेव्हा मंडळीतल्या एकाही बाईने बोली लावली नाही. मी कुणाची ते त्यांना ठाऊक होतं. शेवटी फाटकाशी बसणाऱ्या काशी कोळणीने हात वर केला. तिला माशांची टोपली वाहायला चाकं हवी होती. मी विकली गेले. नाओमी नुसती बघत होती. मला वाटलं, झालं, ही आता रडत घरी जाणार.

"आता हातांचं अर्पण!" मास्तर ओरडले. "बोला, कोण कोण?"

नाओमी पुढे आली. तिर्सा कडेवर, मनगट सुजलेलं, पण आवाज स्वच्छ. "आमच्या घरातून दोरकासताईंचे हात. एक आठवडा त्या तान्हं मूल सांभाळतील. दिवसभर. न्हाणं, भरवणं, लंगोट, सगळं."

आवारात पाठीमागून एक म्हातारी फिस्सकन हसली. पाळकसाहेब भोळे, त्यांचे डोळे भरून आले. "केवढं हे नम्र अर्पण! आमेन," ते म्हणाले आणि सगळ्या मंडळीने आमेन म्हटलं, बायकांनी जरा जास्तच जोरात. त्या आठवड्यावर नाओमीनेच बोली लावली, स्वतःची एक कोंबडी. त्यापुढे कुणी बोली वाढवली नाही आणि ताईंचा तो आठवडा तिर्साच्या वाट्याला आला. मला इतका आनंद झाला की माझं डावं चाक आपोआप कुरकुरलं.

ताईंना कचेरीतून रजा काढावी लागली. काशी रोज मला ढकलत आमच्याच आळीतून जायची, म्हणून मला सगळं दिसायचं. पहिल्या दिवशी ताईंची साडी इस्त्रीची होती. दुसऱ्या दिवशी तिच्यावर सत्त्वाचे डाग होते. तिसऱ्या दिवशी बादली दारातच लवंडलेली आणि आतून तिर्साचा टाहो. नाओमी मुलीला वेळेवर पाजायची आणि उठून एकटीच धक्क्यावर जायची, मोकळे हात हलवत.

तिर्साला तर संध्याकाळी बाहेर जायची सवय. ती दाराकडे बोट करून हटून बसायची. तिला कडेवर घेऊन ती चढण चढताना ताईंचा ऊर धपापायचा. गाडी असती तर बरं झालं असतं, पण ती कुणी देऊन टाकली होती? शेवटी त्या काशीकडे आल्या.

"काशी, तेवढी गाडी दे गं घटकाभर."

"न्या बाय," काशी म्हणाली. "माजा म्हावरा इकून झाला हाय. वास येल हां जरा."

ताईंनी मला धुतलं, पुसलं, चादर घातली, तिर्साला बसवलं. मित्रांनो, मी लहान मुलीला कधी इजा होऊ देणार नाही. मी फक्त चढणीच्या मध्यावर चाक अडकवलं आणि तशीच उभी राहिले. ताईंनी ढकललं, ओढलं, प्रभूचं नाव घेतलं. मी हलले नाही. तिर्सा किंचाळत होती, बांगड्याच्या वासाने मांजरं जमली होती. ताई रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर मटकन बसल्या.

धक्क्यावरून नाओमी वर येत होती. ताईंनी मान वर केली. "नाओमी, तू दिवसभरात बसायचीस कधी गं?"

"बसायची नाही, ताई."

ताईंनी मुलीला उचलून पुढे केलं. नाओमीने तिर्साचा मुका घेतला, पदर आड करून तिला तिथेच पाजलं आणि परत ताईंच्या मांडीवर दिलं. "आठवडा अजून संपला नाही," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

मी अजून काशीकडेच आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना तेल घाला, त्यांना गंजू देऊ नका. आणि आईची वस्तू तिला न विचारता उचलू नका, देवासाठीसुद्धा नाही.

गेल्या रविवारी काशीने मला मंडळीच्या फाटकाशी उभं केलं होतं. नाताळच्या करंज्या कोण करणार यावर बायकांचं बोलणं चाललं होतं. सगळ्यांच्या नजरा सवयीने नाओमीकडे वळल्या. तेव्हा दोरकासताई म्हणाल्या, "तिला वेळ नसतो. आपण सगळ्या मिळून करू."

नाओमीने त्यांचे आभार मानले नाहीत. मीही मानलेले नाहीत.