चार हजार ओळींवर एकच नाव

तैवानमधल्या काओशुंगच्या त्या बोट-तिकीट कंपनीत सहा प्रकल्प होते आणि प्रत्येकाचं जावास्क्रिप्ट आपापल्या थाटात लिहिलेलं. यन दादांनी दोन महिने खपून सगळ्यांसाठी कोड तपासणीच्या नियमांची एकच फाइल तयार केली. सोमवारी ती लागू झाली. लिंटरने, म्हणजे नियम मोडणाऱ्या ओळी हेरणाऱ्या प्रोग्रामने, हजारो ओळी आपोआप सरळ केल्या. तो जिथे नुसता इशारा देऊन थांबला, तिथे दादांनी हात घातला. मग सगळं एकाच खेपेत जमा करून टाकलं, त्यामुळे बदललेल्या चारही हजार ओळींवर त्यांचंच नाव लागलं.

बुधवारी धक्क्यावरच्या यादीतून व्हीलचेअरची मागणी करणारे प्रवासी गायब झाले.

"त्यांना गाळणारी ओळ कुणाची?" विभागप्रमुख फू मॅडमनी विचारलं.

शेजारच्या झूने पडद्यावर पाहिलं. "यन दादांची. वरचीही त्यांचीच, खालचीही. मॅडम, अख्खी कंपनी दादांनीच लिहिलीय! आणि सर्व्हर शहाण्यासारखा चालावा म्हणून त्यावर ठेवलेल्या हिरव्या पाकिटातल्या खाऊची तारीख उलटलीय, तेही बघा."

"थट्टा पुरे. तू धक्क्यावर फोन करून खुर्च्या मागव. दादा, तीनची बोट सुटायच्या आत सांगा, चूक तुमच्या नियमांची का? असेल तर सहाही ठिकाणांहून ते काढते. पुन्हा विषय नको."

दादा ओळीकडे बघत राहिले. पूर्वी तिथे बरोबरची दोन चिन्हं होती, आता तीन. दोन असताना मजकुरातला एक आणि आकड्यातला एक सारखेच धरले जात. तीन असताना ते वेगळे, म्हणून तिकिटाच्या अर्जातून मजकूर म्हणून आलेली व्हीलचेअरची खूण जुळत नव्हती. नियम तीनच मागत होता.

"झू, हे लिंटरने केलं की मी?"

"इथे तो बोंबलतो फक्त, दादा. करणारे तुम्ही."

म्हणजे हात आपला. पण मागणी नियमाची. आणि मुळात आकड्याच्या जागी मजकूर पाठवणारा अर्ज कुणी लिहिला? शिवाय अशा आणखी किती ओळींना हात लावला होता? चार हजारांतून त्या वेगळ्या काढायच्या कशा, हे त्यांना सुचेना.

पावणेतीनला ते मॅडमपुढे उभे राहिले.

"ओळ मी बदलली. नियम बरोबर असावा. नसेलही. खरं सांगू? मला कळत नाहीये."

"मग मी काय करू?"

"सगळं मागे घ्या. मी एकेक नियम वेगळा लावतो. हाताने केलेलं वेगळं जमा करतो."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "एकच नियम. शुक्रवारपर्यंत. कुठे काही मोडलं नाही, तर दुसऱ्याचं बघू."

दादा जागेवर आले. फाइलीत एकशे बारा नियम होते. त्यांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. पहिला कोणता घ्यावा, ते काही ठरेना.