समुद्राला खारट म्हणणारी नळी

मित्रांनो, मी एक जुनी क्षारमापक नळी आहे. पाण्यात मीठ किती, एवढं एकच मला कळतं. पण जे कळतं ते पक्कं कळतं. मी जेमतेम वीतभर लांब आहे. माझ्या एका टोकाला तिरपी काच आहे आणि तिच्यावर पारदर्शक झाकण. काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, झाकण मिटायचं, उजेडाकडे धरायचं आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. आत वर निळं दिसतं, खाली पांढरं दिसतं. दोन्ही जिथे भेटतात तो आकडा वाचायचा. हजार भाग पाण्यात मीठ किती, ते तो सांगतो. यात अवघड काय आहे, हे मला आजवर उमगलेलं नाही. तरीसुद्धा मला दीड महिना एका खणात काढावा लागला, संपलेल्या सेलांच्या आणि काडी तुटलेल्या चष्म्याच्या संगतीत. त्या दीड महिन्याचा राग अजून माझ्या पोटात आहे, आणि आज तो मी बोलून दाखवणार आहे.

आता मी आखाताच्या काठी, अकाबा बंदरात राहते; पण माझा जन्म इथून फार लांब, एका कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या काचेवर शुद्ध पाण्याचा थेंब टाकला, बारीकसा स्क्रू फिरवला आणि मला शून्यावर आणून ठेवलं. पस्तीसच्या आकड्याशी एक लाल रेघ मात्र आधीच ओढलेली होती. जगातल्या समुद्रांत साधारण तेवढं मीठ असतं, असं कुणीतरी ठरवलं होतं. ठरवणाऱ्याने आमचं हे आखात पाहिलेलं नसावं. त्याच्या त्या एका रेघेपायी पुढे माझी अब्रू गेली.

अकाबाच्या बाजारात, मसालेवाल्यांच्या मागच्या गल्लीत वजीहचं माशांचं दुकान आहे. समुद्रातून प्रवाळाचा तुकडा तोडायला इथे बंदी आहे, म्हणून वजीह आखाताचं पाणी आणून स्वतःच्या टाक्यांत प्रवाळ वाढवतो. त्याच्या फळीवर मी चांगली वर्षभर होते. तो मला रोज वापरायचा आणि वापरून झालं की गोड्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने पुसायचा. माझ्या आयुष्यातले ते मानाचे दिवस.

मे महिन्यात एके सकाळी रईस सुवैलिम दुकानात आले. रईस म्हणजे इथे नावेचा कप्तान. चाळीस वर्षं त्यांनी काचेच्या तळाची नाव चालवली, परदेशी पाहुण्यांना समुद्राखालचे प्रवाळ दाखवले. मोठ्या मुलाच्या नावावरून सगळे त्यांना अबू नायिफ म्हणतात आणि त्यांच्या बायकोला उम्म नायिफ. त्या उम्म नायिफना मात्र त्यांनी एकदाही नावेत बसवलं नव्हतं. दरवेळी "उद्या नेतो" म्हणायचे आणि दरवेळी पाहुण्यांची एखादी टोळी आडवी यायची. आता बाईंचे गुडघे पार गेले होते, त्या खिडकीपाशी खुर्चीत बसून असायच्या, आणि रईसही नाव विकून घरी बसले होते. तेव्हा कुठे त्यांना आठवण झाली.

"वजीह, मला घरात समुद्र लावायचाय," ते म्हणाले. "छोटासा. टीव्हीच्या टेबलावर मावेल एवढा. तिच्या खुर्चीसमोर."

"छोटा नको, काका," वजीह म्हणाला. "टाकी जितकी छोटी तितकी लवकर बिघडते. समुद्र आपली चूक पोटात घालतो. साठ लिटरच्या टाकीला पोट असतं कुठे?"

"तू मला समुद्र शिकवतोस? तू लंगोटात होतास तेव्हा मी दक्षिण किनाऱ्याचा दगडन् दगड ओळखत होतो."

"दगड ओळखता हो. पाणी मोजायला नको का?"

वजीहने एकेक वस्तू समोर मांडली: पाणी फिरवणारा पंप, उन्हाळ्यात पाणी गार ठेवणारा छोटा पंखा, सच्छिद्र दगड, साधा पांढरा दिवा आणि मी. रईसांनी पांढरा दिवा बाजूला सारला आणि जांभळा उचलला. मग त्यांची नजर टाकीत ठेवायच्या एका प्लॅस्टिकच्या पेटाऱ्यावर गेली. पेटाऱ्याचं झाकण दर मिनिटाला उघडायचं आणि आतून बुडबुडे निघायचे. रईस त्याच्यावर एकदम खूश झाले. माझ्याकडे बघून म्हणाले, "ही नळी नको. मीठ कळायला माझी जीभ आहे."

वजीहने मला मुकाट्याने पिशवीत टाकलं. "फुकट घ्या, काका. पण वापरा."

मित्रांनो, तिथेच घात झाला. फुकट आलेल्या वस्तूचा मान किती राहतो, ते तुम्ही जाणताच.

तरी घरी पोचल्यावर रईसांनी मला एकदा डोळ्याला लावलं, हे कबूल करायला हवं. टाकीत आखाताचं ताजं पाणी भरलेलं होतं. मी माझं काम केलं आणि एकेचाळीस दाखवलं. रईसांना एकेचाळीस दिसलं आणि खाली पस्तीसपाशी ती लाल रेघ दिसली. त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी भर चौकात त्यांना आईवरून शिवी दिली होती.

"माझ्या समुद्राला खारट म्हणते," ते बायकोला म्हणाले. "सहा अंकांनी जास्त म्हणे. कुठल्या डबक्यावर शिकून आलीये कोण जाणे."

आणि त्यांनी मला टाकीखालच्या खणात भिरकावलं. माझं चुकलं काय? आकडा माझा होता, रेघ दुसऱ्याची होती. आखात एकेचाळीसच आहे, मीही एकेचाळीसच म्हणाले होते. खरं बोलून खोटी ठरण्यासारखा अपमान नाही.

वर मात्र कौतुकाला ऊत आला होता. शेजारीपाजारी पुदिन्याचा चहा प्यायला यायचे आणि जांभळ्या दिव्याला वाहवा द्यायचे. पेटाऱ्याचं झाकण उघडलं की पोरं टाळ्या पिटायची. टाकीतलं पाणी चाखून बघितलं ते फक्त रईसांच्या जिभेने. रोज सकाळी बोट बुडवून ते म्हणायचे, "अगदी माझा समुद्र."

उम्म नायिफ दिव्याकडेही बघत नसत आणि पेटाऱ्याकडेही. त्यांचा जीव जडला होता टाकीतल्या एका मऊ प्रवाळावर. त्याला लहान लहान हातांसारखे झुबके होते आणि ते सतत उघडायचे, मिटायचे. बाई त्यांना "मुठी" म्हणायच्या. सकाळी तसबी ओढताना त्या एकेका मण्याबरोबर त्यांची उघडझाप बघत बसत. एकदा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "समुद्राखाली हे असं असतं?"

"असंच असतं," रईस म्हणाले.

"आणि तुम्ही ते चाळीस वर्षं परक्या बायकांना दाखवत होता."

खणात पडल्या पडल्या मला तेव्हा कळलं की ही टाकी म्हणजे माफीनामा आहे. ती बिघडून चालणार नव्हतं.

जून लागला. पंखा दिवसरात्र फिरू लागला आणि टाकीतलं पाणी भराभर आटू लागलं. रईस रोज समुद्रावरून डबा भरून आणायचे आणि जेवढं आटलं तेवढं ओतायचे. माझ्या डोक्यावरच ते पाणी गुडगुडायचं आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कारण मित्रांनो, उडून जातं ते फक्त पाणी. मीठ कुठेही जात नाही. त्यावर रोज नवं खारं पाणी ओतलं तर मिठावर मीठ चढत जातं. समुद्र दाराशी असलेली माणसंच ही चूक करतात. त्यांना वाटतं, समुद्रातून गेलं ते समुद्रातूनच भरावं. हे मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड नाही. मला फक्त काच आहे, आणि काच खणात होती.

तीन आठवड्यांनी टाकीतल्या दोन समुद्री गोगलगायी मेल्या. रईस म्हणाले, "म्हाताऱ्या असतील." मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर श्वास घेऊ लागले. रईस म्हणाले, "उकाडा आहे." मग एका सकाळी मुठी मिटल्या त्या उघडल्याच नाहीत.

उम्म नायिफनी तसबी मांडीवर ठेवली. "अबू नायिफ, पाणी खारट झालंय."

"मी आत्ताच चाखलं. ठीक आहे."

"मला सांगा, मसुराचं सूप चुलीवर आटलं तर तुम्ही त्यात मिठाचं पाणी घालता?"

"सूप वेगळं, समुद्र वेगळा."

"मीठ तर तेच ना?"

बाई लोणच्यात तरबेज. सलगम असो की ऑलिव्ह, गल्लीतल्या सगळ्या बरण्या त्यांच्या सल्ल्याने भरतात. मिठाच्या पाण्यात त्या कच्चं अंडं सोडतात; अंडं वर येऊन नाण्याएवढं डोकं काढेल तेव्हा पाणी लोणच्याला तयार. त्यांनी टाकीतलं पाणी बरणीत घ्यायला लावलं आणि अंडं सोडलं. अंडं थेट तळाला गेलं.

"बघ," रईस हसले. "मीठ कमीच पडतंय उलट. आणखी दोन डबे समुद्र आणतो."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अंडं लोणच्यासाठी असतं. ते माशांसाठी, प्रवाळासाठी नसतंच. समुद्राचं पाणी दीडपट खारट झालं तरी अंडं तळाशीच बसून राहील. रईस डबा उचलून निघाले. आता मुठी गेल्याच, असं मला वाटलं.

"थांबा," उम्म नायिफ म्हणाल्या. "वजीहने ती नळी दिली होती, ती कुठाय?"

"ती खोटारडी आहे."

"असू दे. खोटारडी कुठाय ते विचारलं मी."

खण उघडला. दीड महिन्याने मला उजेड दिसला. बाईंनी मला ओढणीच्या टोकाने पुसलं, टाकीतले दोन थेंब काचेवर घेतले आणि खिडकीकडे धरलं. मी जीव तोडून नीट आकडा दाखवला. एकोणपन्नास.

"सांगितलं ना," रईस म्हणाले. "हिला सगळं खारटच दिसतं. माझ्या आखातालाही नावं ठेवली हिनं."

उम्म नायिफ शांतपणे म्हणाल्या, "मग असं करा. तो रिकामा डबा समुद्रावरून भरून आणा. टाकीत ओतू नका. माझ्या हातात द्या."

रईस कुरकुरत गेले आणि तासाभराने आले. बाईंनी मला धुतलं, पुसलं, ताज्या समुद्राचे थेंब घेतले आणि नळी नवऱ्याच्या हाती दिली. "तुम्हीच वाचा."

रईसांनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"एकेचाळीस," ते म्हणाले.

"आणि टाकी एकोणपन्नास. खोटारडी असेल तर दोन्हीकडे सारखीच खोटी असेल ना? मधले आठ कुणी घातले?"

रईसांनी डबा खाली ठेवला आणि ते स्टुलावर बसले. वादात कधी न हरणारा तो माणूस त्या दिवशी आपल्या दोन हातांकडे बघत राहिला. मला आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगते, त्यांचा तो चेहरा बघून माझा अर्धा राग जागीच विरला. उरलेला अर्धा मी जपून ठेवलाय.

वजीहला फोन गेला. त्याने सांगितलं की नळाचं पाणी नको, पिण्याचं गाळलेलं पाणी घ्या. एकदम ओतू नका, नाहीतर ज्यांना मीठ मारत होतं त्यांना हा अचानक उतार मारेल. टाकीतलं थोडं खारं पाणी काढायचं आणि तेवढंच हे घालायचं, असं करत सहा-सात दिवसांत आकडा खाली आणा. मग सकाळ-संध्याकाळ मी बाईंच्या हातात असायची. "एक तांब्या काढा, एक घाला," त्या म्हणायच्या, आणि रईस तसंच करायचे. "पुरे," म्हटलं की थांबायचे. अठ्ठेचाळीस, सेहेचाळीस, चव्वेचाळीस. चहाला आलेल्या एका जुन्या खलाशाने विचारलं, "रईस, हे काय चाललंय?" तर म्हणाले, "इथे रईस ती आहे. मी पाणक्या."

सातव्या दिवशी मी एकेचाळीस दाखवलं. मुठी मात्र मिटलेल्याच होत्या. आठव्या दिवशीही. रईस जेवले नाहीत. सय्यादियाचं, म्हणजे मासे-भाताचं ताट तसंच गार झालं. दहाव्या दिवशी सकाळी उम्म नायिफनी हाक मारली तेव्हा कडेची एकच मूठ उघडली होती. ती मिटली, आणि पुन्हा उघडली. दोघं नवराबायको टाकीसमोर दुपारपर्यंत बसून होते.

त्या दिवशी बाईंनी माझ्या पाठीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि पेनाने लिहिलं: "आपला समुद्र, ४१." परक्याच्या लाल रेघेचं ओझं माझ्यावरून तेव्हा उतरलं.

त्यानंतर त्यांनी एक नियम केला. टाकीशी ताडून बघायला आठवड्यातून एकदा समुद्राचं ताजं पाणी हवं, आणि ते त्या स्वतः घेणार. रईस आधी हो-ना करत होते, मग उठून जेटीवर बोलून आले. जेटीवरच्या चार जुन्या सोबत्यांनी बाईंना खुर्चीसकट उचलून काचेच्या तळाच्या नावेत ठेवलं. नाव आता दुसऱ्याची होती, पण त्या दिवशी सुकाणू रईसांच्या हाती होतं. मी बाईंच्या पिशवीत होते. प्रवाळांवर नाव थांबली तेव्हा उम्म नायिफ कितीतरी वेळ खाली काचेतून बघत राहिल्या. मग त्यांनी डब्यातून पाणी वर घेतलं, दोन थेंब माझ्यावर टाकले आणि डोळा लावला.

"काय म्हणते?" रईसांनी विचारलं.

"म्हणते, चाळीस वर्षं उशीर झाला."

रईस पाण्याकडे बघत म्हणाले, "आकडा विचारला मी."

"आकडा एकेचाळीसच आहे."

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी घरात समुद्र लावणार असेल तर जांभळे दिवे आणि बुडबुड्यांचे पेटारे मागाहून घ्या. आधी मला घ्या, आणि फुकट घेऊ नका. वापरून झाल्यावर मला गोड्या पाण्याने धुवा, मऊ फडक्याने पुसा, अधूनमधून शुद्ध पाण्यावर मी शून्य दाखवते ना, ते तपासा. आणि माझा आकडा आवडला नाही, तर मला खणात टाकू नका. आधी पाण्याकडे बघा, मग स्वतःच्या हातातल्या डब्याकडे बघा.