आमदारांचा गुडघा

राघोत्तम राव पहिल्यांदा निवडून आले ते स्वतःच्या पायावरच्या विनोदाने. लहानपणीच्या तापात त्यांचा उजवा पाय गेला होता आणि मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्या आल्या होत्या. प्रचाराला गेले की लोक आधी पायाकडे बघत, मग तोंडाकडे. राव हात जोडून म्हणत, "जिंकल्यावर मी पळून जाणार नाही, एवढी खात्री देतो." मैलापूर मतदारसंघात दुसऱ्या कुठल्याच उमेदवाराला एवढी खात्री देता येईना. लोकांनी त्यांना निवडून दिलं आणि पाच वर्षांनी, ते खरोखरच जागेवर सापडल्यामुळे, पुन्हा निवडून दिलं.

त्या पट्ट्यांना गुडघ्यापाशी एक खिट्टी होती. पाय सरळ केला की ती 'खट' करून अडके आणि मग राव तासन्‌तास न थकता उभे राहू शकत. बसायचं तर ती बोटाने वर ओढायची, मग गुडघा वाकायचा. विधानसभेत हा 'खट' सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. तो ऐकू आला की वर्तमानपत्रवाले कॉफीला उठत, कारण रावांचा विषयही सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता.

विषय असा, की पांगळ्या माणसांना कुबड्या आणि लोखंडी बूट देणारं सरकारी केंद्र जॉर्ज टाउनातल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होतं. तळमजल्यावर सरकारच्या जुन्या फाइली राहत. फाइलींना जिना चढवत नसावा. केंद्र खाली आणा, असा ठराव राव दरवर्षी मांडत. मंत्रिमहाशय दरवर्षी उठून सांगत, "सरकार योग्य वेळी सहानुभूतीने विचार करील." त्यावर आभार मानून ठराव मागे घ्यायचा, अशी रीत होती. राव पाळत. पक्ष सरकारचाच होता.

यंदाच्या ठरावाच्या दिवशी सकाळी राव पट्टे आवळत होते. पत्नी विशालाक्षी कॉफीचा टंबलर घेऊन आली आणि खिट्टीकडे वाकून बघू लागली.

"अहो, गंज बघा किती धरलाय! दुरुस्त करून घ्या मणून पोंगलपासून सांगते मी."

"दुरुस्ती वर होते. दुसऱ्या मजल्यावर."

"मग चढा की."

"चढेन गे. योग्य वेळी."

"अय्यो! सहानुभूतीनें ना?" विशालाक्षी म्हणाली आणि टंबलर ठेवून गेली. तंजावरकडच्या घरातली लेक ती, ती असताना घरात वेगळा विरोधी पक्ष लागतच नसे.

सभागृहात शिरताना दारातच चंद्रमौळी भेटले. पक्षाच्या आमदारांना वेळेवर हात वर करायला लावणं हे त्यांचं काम.

"ओय् राव, भाषण करा, रडवा सगळ्यांना. मग नेहमीसारखं मागे घ्या, काय?"

"आणि या वर्षी नाही घेतलं तर?"

"विनोद छान करता हो तुम्ही," चंद्रमौळी म्हणाले. पण हसले नाहीत.

भाषण झालं. राव खाली बसले. मंत्री उठले. भरल्या अंगाचे, आनंदी गृहस्थ. त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं आणि तेवढ्यावर थांबले असते तर काहीच घडलं नसतं. पण त्यांना एक मुद्दा सुचला. "सन्माननीय सभासद स्वतः तो जिना चढून जातात. त्याअर्थी जिन्याचा अडथळा होत नाही, हे सिद्धच आहे."

बाकांवर हशा पिकला. राव ठराव मागे घ्यायला उठले. खट! रीतीचं वाक्य तयार होतं, पण आज ते म्हणावंसं वाटेना. पायावर ते स्वतः हजार विनोद करत. दुसऱ्याने केलेला हा पहिलाच होता आणि वाईट होता.

"मागे घेता ना?" अध्यक्षांनी विचारलं. "मग बसा."

गुपचूप बसावं, म्हणून रावांनी खिट्टीला बोट लावलं. हलेना. दोन बोटं लावली. तरी हलेना. पाय तसाच ताठ ठेवून टेकावं, तर समोरच्या बाकावरच्या सभासदाच्या पाठीत बूट गेला असता. राव उभेच राहिले.

अध्यक्ष उठले. आता अध्यक्ष उभे असताना सभासदाने उभं राहायचं नाही, हा सभागृहाचा अगदी पहिल्या धड्यातला नियम. विरोधकांना वाटलं, सरकारच्याच माणसाने बंड केलं! त्यांनी बाकं बडवायला सुरुवात केली. रावांना बंड करायचं नव्हतं, गुडघ्याला करायचं होतं.

"बसा, मिस्टर राव!"

"बसता येत नाही, अध्यक्षमहाराज."

"मागे घेतो म्हणून सांगून टाका आणि बसा हो!" मागून चंद्रमौळी फुसफुसले.

राव मागे वळले. आयुष्यात इतकी बाकं त्यांच्यासाठी कधी वाजली नव्हती. कानांना बरं वाटत होतं. "गुडघा अडकलाय," ते मोठ्याने म्हणाले, "आणि ठराव मी मागे घेत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कामकाजात वेगळ्या लिहाव्यात."

मंत्री उदारपणे उठले. "माझ्याच केंद्रात मिस्त्री आहे. दहा मिनिटांचं काम."

"मिस्त्रीचा लोखंड आवळून धरायचा शेगडा जमिनीत रोवलेला आहे, साहेब. दुसऱ्या मजल्याच्या जमिनीत."

अध्यक्ष नियमाचे पक्के होते. सभासद बसू शकेपर्यंत त्यांनी कामकाज थांबवलं आणि केंद्र मंत्र्यांचं असल्याने मंत्र्यांनी जातीने सोबत जावं, अशी इच्छा व्यक्त केली.

मोटारीत राव आडवे बसले. ताठ पाय उजव्या खिडकीतून बाहेर. चौकातल्या पोलिसाने तो उजवीकडे वळण्याचा इशारा समजून सगळी रहदारी थोपवली. मंत्र्यांना इतक्या वेगाने कुठेच पोचायची सवय नव्हती.

जिन्यापाशी चार शिपायांनी रावांना उचललं. वळण इतकं अरुंद, की सरळ पाय भिंतीला अडे. मग पाय वर, डोकं खाली, पुन्हा उलट. मैलापूरच्या उत्सवात मूर्ती गल्लीच्या कोपऱ्यावर वळवतात, तसा सगळा सोहळा. "जरा डावीकडे," राव वरून सांगत होते. त्यांना हा जिना पाठ होता आणि आज पहिल्यांदाच फुकट चढायला मिळत होता.

मंत्री मागून येत होते. पहिल्या मजल्यावर त्यांची छाती भात्यासारखी चालू लागली. तिथे पायरीवर फुलं विकणारी अलमेलू बसली होती, मोडकी कुबडी मांडीवर घेऊन. तिने घामाघूम गृहस्थाकडे पाहिलं आणि सरकून जागा केली.

"बसा अय्या. पहिल्या खेपेला सगळ्यांचंच असं होतं. कुठला पाय?"

मंत्र्यांना उत्तर द्यायला श्वास नव्हता. ते बसले.

"दोन्ही दिसतात," अलमेलू कळवळून म्हणाली. "घाबरू नका, बूट चांगले देतात. फक्त बूट मिळेपर्यंत जिवंत राहायचं." तिने आपल्या तांब्यातलं पाणी त्यांना दिलं. मंत्र्यांनी ते सगळं पिऊन टाकलं आणि मग कुबडीकडे बघत बराच वेळ बसून राहिले.

वर मिस्त्रीने पट्टी शेगड्यात आवळून खिट्टीवर एक हातोडी मारली आणि तेल घातलं. "इतका उशीर का केलात?" त्याने विचारलं. राव म्हणाले, "जिना." मिस्त्रीने मान हलवली. सगळ्यांचं उत्तर हेच असावं.

सभागृह पुन्हा भरलं. मंत्री उठले. सगळ्यांना त्यांचं वाक्य पाठ होतं. पण तेवढ्या लांबीच्या वाक्याला लागणारा श्वास अजून परतला नव्हता.

"ठराव मान्य," ते म्हणाले आणि बसले.

राघोत्तम राव 'खट' करून आभार मानायला उठले, आभार मानले, बोट लावलं. गुडघा लोण्यासारखा वाकला.

महिन्याभरात केंद्र खाली आलं आणि फाइली वर गेल्या. उद्घाटनाला अलमेलूने मंत्र्यांना मल्लीच्या फुलांचा हार घातला आणि पाय कसे आहेत ते विचारलं. पुढच्या अधिवेशनात त्याच इमारतीसाठी एक मागणी आली: फाइलींची दुसऱ्या मजल्यापर्यंत ने-आण करताना कर्मचाऱ्यांना अतोनात त्रास होतो, सबब तिथे लिफ्ट बसवावी. ती चर्चेशिवाय मंजूर झाली.

चंद्रमौळींनी धास्तीने वाकून रावांकडे पाहिलं. पण राव नुसते गालात हसत होते. या खेपेला ते बसूनच राहिले.