कॅरिअरवरचा हात

"म्होरं बघ, म्होरं! चाकात काय सोनं पडलंय?"

शहाजी मागून ओरडला आणि त्याने सायकल सोडली. पुतळाने मान वर केली, हँडल आवळून धरलं, दोन पायडलं मारली आणि रोजच्यासारखी उजव्या अंगावर आडवी झाली.

कोपर सोलून निघालं. साडीचा काठ साखळीत गेला होता, तो सोडवत ती रस्त्यातच बसली. कोपरखैरण्याच्या या बाजूला सिडकोने रस्ते आधी करून ठेवले होते, घरं मागाहून व्हायची होती. त्यामुळे तिची फजिती बघायला दोन कुत्री तेवढी होती. तरीही तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"परत उजवीकडंच," शहाजी म्हणाला. "तुजं अंगच तिकडं जातंय."

"मग ऱ्हाऊ द्या की! चाळिशीला टेकलेल्या बाईनं सायकल शिकलीच पायजे का?"

"सोमवारी कंपनीत काय सांगशील?"

सोमवारचं नाव निघालं की ती उठून पुन्हा सायकल उभी करायची. महाप्याला औषधांच्या कंपनीत तिला पॅकिंगचं काम लागलं होतं, सकाळपाळीचं. पहाटेची बस मनात आलं तर यायची, आणि आली तरी थांबेलच असं नव्हतं. रोजच्या उशिराला कंटाळून सुपरवायझरने शेवटचं बजावलं होतं, सोमवारपासून वेळेवर या, नाहीतर गेटवर बायका वाट बघतच उभ्या आहेत. हे ऐकून शहाजीने कुठूनशी एक जुनी लेडीज सायकल पैदा केली.

तिला नवल वाटायचं ते त्याचंच. बायकोने कंपनीत जायचं नाही म्हणून हाच माणूस दोन वर्षं अडून बसला होता. आता दाणा मार्केटातून पोती वाहून आला की चहाचा घोटही न घेता तिला सायकलवर चढवायचा. नोकरी सोडते म्हटलं की अंगावर धावून यायचा. एवढं काय अडलंय याचं, ते तिला कळत नव्हतं.

शनिवारी दुपारी तिला घरात थारा लागेना. आमटीत दोनदा मीठ पडलं. शेजारच्या रखमाने सायकलीकडे बघत दारातून "काय गं, उडालं का इमान?" एवढंच विचारलं, तर तिच्यावर उगीच खेकसली. शेवटी शहाजीची वाट न बघता तिने सायकल काढली आणि त्या रिकाम्या रस्त्यावर नेली.

धरायला कुणीच नव्हतं. सायकल फूटपाथच्या कडेला लावून तिने एक पाय त्यावर टेकला, दुसरा पायडलवर ठेवला, आईचं नाव घेतलं आणि रेटा दिला.

सायकल निघाली. आता पडणार, आता उजवीकडे जाणार म्हणून तिने श्वास धरून ठेवला. सायकल सरळच जात राहिली, थेट डांबर संपून खडी लागते तिथपर्यंत. ब्रेक दाबून तिने पाय टेकला आणि एकटीच मोठ्याने हसली. मग वळून पुन्हा तेवढीच चालवली. पुन्हा सरळ!

शहाजी आला तेव्हा तिने काही दाखवलं नाही. जरा गंमत करू, असं तिच्या मनात होतं.

"धरा," ती सीटवर बसत म्हणाली.

डावीकडून त्याचा हात कॅरिअरवर पडला आणि सायकल डावीकडे कलली. तिचं अंग आपोआप उजवीकडे गेलं. त्या क्षणी तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतके दिवस हा बाबा सायकल आपल्याकडे ओढत होता आणि ती उलट्या बाजूला भार टाकत होती. त्याने सोडल्यावर ती उजवीकडे पडणार नाही तर काय! 'तुमच्या धरण्यानंच पडतीय हो मी,' हे शब्द ओठांवर घेऊनच ती मागे वळली.

त्याने एकाच हाताने धरलं होतं, डाव्या. उजवा हात सदऱ्याच्या बटणांमध्ये खोचलेला होता.

"दोनी हातांनी धरा की."

"तुला एक बास हाय."

"आवं, धरा म्हणते ना."

त्याने उजवा हात काढून कॅरिअरवर ठेवला. हात नुसता पडून राहिला. बोटं काही मिटेनात.

हल्ली चहाची बशी त्याच्या डाव्या हातात असायची आणि सांडायची. त्यावरून ती त्याला घालूनपाडून बोललीही होती.

"कधीपास्नं?"

"दिवाळीपास्नं. खांद्यातनं कळ येती, मग हात मरतो. पोत्याला आकडा लावता येत न्हाई."

"डाक्टर?"

"दावलं की. जड उचलू नगा म्हणला." शहाजी हसला. "माथाड्याला!"

"आन् टोळीतले हमाल?"

"माज्या वाटची पोती तीच पोरं उचलत्यात. बाबासो मुकादम झाकून घेतोय. पर कुठवर झाकंल?"

तिला त्याचा भयंकर राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. रडूही येत होतं. ओठांवर आलेलं वाक्य तिने गिळलं आणि तोंड फिरवून पायडलवर पाय ठेवला.

त्या संध्याकाळी ती पडली नाही.

"जमलं की गं!" शहाजी पोरासारखा ओरडला.

"तुमी धरलंत म्हणून," ती म्हणाली.

सोमवारी पहाटे तो कॅरिअर धरून तिच्याबरोबर नाक्यापर्यंत निघाला. नाक्यावर चहाच्या टपरीपाशी त्याची टोळी मार्केटला जायला उभी होती. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यावरून ट्रक धडाधडा जात होते.

"काय वैनी," बाबासो ग्लास खाली ठेवत म्हणाला, "अजून धरूनच का?"

एक टांग मारून ती एकटी निघून गेली असती. तिने सायकल थांबवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "न्हाई तर काय! ह्यांनी धरल्याबिगर हलतच न्हाई ती. आवं, एवढा रस्ता पार करून द्या. सोडू नका हां!"

टोळीतली माणसं हसली. शहाजी मात्र हसला नाही. त्याने कॅरिअर आणखी घट्ट धरलं, तशी सायकल डावीकडे आणखी झुकली.

पुतळाने तेवढंच अंग उजवीकडे टाकलं आणि पायडल मारलं.